न्या. फखरुद्दीन इब्राहिम : न्यायासनावरून निवडणूक आयोगाकडे – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाकिस्तानच्या घटनात्मक संस्थांविषयी लिहू लागल्यापासून न्या. फखरुद्दीन जी. इब्राहिम यांच्याबद्दल वाचकांकडून जितकी विचारणा होते, तितकी दुसऱ्या कोणाबद्दल होत नाही. २०१३ च्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी ते मुख्य निवडणूक आयुक्त होते आणि निवडणुकीला तीन महिने होण्याच्या आत त्यांनी पद सोडले, एवढे बहुतेकांना ठाऊक असते. त्यामागचा पन्नास-साठ वर्षांचा प्रवास मात्र तुटक तुटक माहीत असतो. आलेल्या प्रश्नांतले सारखे प्रश्न एकत्र करून, साध्यापासून अवघडाकडे अशा क्रमाने येथे उत्तरे दिली आहेत.

१. हे इब्राहिम नेमके कोण? थोडक्यात ओळख सांगाल का?

फखरुद्दीन जी. इब्राहिम हे कराचीतील नामवंत वकील, पाकिस्तानच्या सर्वोच्च न्यायालयाचे माजी न्यायमूर्ती, सिंध प्रांताचे माजी राज्यपाल आणि जुलै २०१२ ते जुलै २०१३ या काळातील पाकिस्तानचे मुख्य निवडणूक आयुक्त होते. वकील मंडळींत आणि वृत्तपत्रांत त्यांना ‘फखरुभाई’ म्हणत, आणि ही हाक त्यांच्या नावाला इतकी चिकटली होती की बातम्यांच्या मथळ्यांतही तीच येई. त्यांचा जन्म १२ फेब्रुवारी १९२८ रोजी अहमदाबादेत झाला आणि ७ जानेवारी २०२० रोजी, वयाच्या ९१ व्या वर्षी, कराचीत त्यांचे निधन झाले.

२. अहमदाबादचा जन्म म्हणजे ते मूळचे आपल्याकडचेच का?

होय. त्या काळी अहमदाबाद मुंबई इलाख्यात होते, म्हणजे पुणे, नाशिक आणि अहमदाबाद यांचा कारभार एकाच सरकारकडे होता. तरुणपणी ते गांधीजींनी स्थापन केलेल्या गुजरात विद्यापीठात शिकले आणि १९५० मध्ये कराचीला गेले. फाळणीनंतर लगेच नव्हे, तर तीन वर्षांनी ते गेले, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. गांधीजींची व्याख्याने त्यांनी विद्यापीठात ऐकली होती, आणि आपल्या विचारांवरील तो संस्कार त्यांनी कधी लपवला नाही. पाकिस्तानात सार्वजनिक जीवनात वावरणाऱ्या माणसाने हे उघडपणे मान्य करणे ही साधी गोष्ट नव्हती.

३. १९८१ मध्ये त्यांनी शपथ नाकारली म्हणतात. कसली शपथ, आणि नाकारून काय झाले?

त्यांच्या कारकिर्दीतला हा सर्वांत महत्त्वाचा प्रसंग आहे, म्हणून त्याचे उत्तर विस्ताराने देतो.

५ जुलै १९७७ रोजी जनरल झिया-उल-हक यांनी झुल्फिकार अली भुट्टो यांचे सरकार उलथवले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘गरजेचा सिद्धांत’, म्हणजे परिस्थितीची निकड असेल तर एरवी बेकायदा ठरणारी कृतीही वैध धरावी हे तत्त्व, पुढे करून लष्करी राजवटीला मान्यता दिली. मात्र त्या निकालात न्यायालयांनी लष्करी आदेशांची तपासणी करण्याचा आपला अधिकार राखून ठेवला होता. पुढच्या तीन वर्षांत राजवटीला नेमका तोच अधिकार खुपू लागला. मार्च १९८१ मध्ये झियांनी हंगामी घटनात्मक आदेश काढला. त्याने लष्करी राजवटीच्या कृत्यांना न्यायालयात आव्हान देण्याची वाट बंद झाली आणि प्रत्येक न्यायमूर्तीने या आदेशाशी निष्ठेची नवी शपथ घ्यावी, असे बंधन आले. ज्याने १९७३ च्या राज्यघटनेच्या रक्षणाची शपथ पूर्वी घेतली होती, त्याने आता ती घटना बाजूला सारणाऱ्या कागदाशी बांधून घ्यावे, असा त्याचा सरळ अर्थ होता.

सर्वोच्च न्यायालयातील तिघे या शपथेपासून दूर राहिले : सरन्यायाधीश अन्वर-उल-हक, न्या. दोराब पटेल आणि न्या. इब्राहिम. तिघांचीही न्यायमूर्तिपदे त्याच वेळी संपली. यांपैकी अन्वर-उल-हक हे १९७७ च्या त्या निकालाचे आणि भुट्टोंची फाशी चार विरुद्ध तीन मतांनी कायम करणाऱ्या खंडपीठाचेही प्रमुख होते, तर दोराब पटेल त्याच खटल्यात विरोधी मत नोंदवणाऱ्या तिघांत होते. म्हणजे एकमेकांपासून इतक्या दूर उभे असलेले न्यायमूर्तीही त्या दिवशी एकाच बाजूला आले. इब्राहिम तिघांत सर्वांत कनिष्ठ होते आणि त्यांच्यापुढे न्यायासनावरची बरीच वर्षे शिल्लक होती. त्यांनी ना निवेदन काढले, ना आंदोलन केले. शपथविधीला ते गेले नाहीत, इतकेच.

पुढे निवडणूक आयुक्त म्हणून सर्व पक्षांनी त्यांच्यावर जो विश्वास टाकला, त्याचे मूळ या एका नकारात होते, असे माझे स्पष्ट मत आहे.

४. मग ते सर्वोच्च न्यायालयात किती काळ होते? इतक्या थोड्या काळानंतर त्यांना ‘ज्येष्ठ न्यायमूर्ती’ म्हणावे का?

ते तेथे तदर्थ, म्हणजे तात्पुरत्या नेमणुकीचे, न्यायमूर्ती होते आणि त्यांचा काळ खरोखरच छोटा होता. तरीही आयुक्तपदासाठी त्यावेळच्या अनुच्छेद २१३ नुसार सर्वोच्च न्यायालयाचा विद्यमान किंवा माजी न्यायमूर्ती, अथवा सर्वोच्च न्यायालयात नेमण्यास पात्र असा उच्च न्यायालयाचा विद्यमान किंवा माजी न्यायमूर्ती, एवढीच अट होती. किती वर्षे न्यायदान केले, याला त्यात स्थान नव्हते. ज्येष्ठता वर्षांवरून मोजायची तर त्यांच्याहून ज्येष्ठ पुष्कळ निघतील. पाकिस्तानच्या वकीलवर्गाने मात्र ती प्रश्न ३ मधील प्रसंगावरून मोजली.

५. न्यायासन सोडल्यापासून आयुक्त होईपर्यंत, म्हणजे ३१ वर्षे, त्यांनी काय केले?

मुख्यतः वकिली. कराचीत त्यांच्या नावाची वकिली पेढी होती आणि नागरी हक्कांच्या प्रश्नांवर ते न्यायालयात आणि न्यायालयाबाहेरही बोलत राहिले.

मधल्या काळात दोन सरकारी पदांनी त्यांना बोलावले. बेनझीर भुट्टो पहिल्यांदा पंतप्रधान असताना, एप्रिल १९८९ मध्ये, ते सिंधचे राज्यपाल झाले. तेव्हा कराचीत खंडणीसाठी अपहरणांचा सुळसुळाट होता आणि पोलीस ठाण्याची पायरी चढायला सामान्य माणूस कचरत होता. तक्रारदाराच्या बाजूने पोलिसांशी बोलणारी, नोंदी ठेवणारी, तपासाचा पाठपुरावा करणारी एक स्वयंसेवी फळी असावी, या कल्पनेतून त्यांनी १९८९ मध्ये नागरिक-पोलीस संपर्क समिती उभी केली. व्यापारी आणि व्यावसायिक मंडळींनी स्वतःचा वेळ देऊन ती चालवली. राज्यपाल गेले, सरकारे गेली, समिती मात्र टिकली. त्यांच्या हातून उभे राहिलेले सर्वांत टिकाऊ काम कोणते, असे विचारले तर मी याच समितीचे नाव घेईन. ६ ऑगस्ट १९९० रोजी राष्ट्रपती गुलाम इशाक खान यांनी बेनझीर सरकार बरखास्त केले आणि इब्राहिम यांचे राज्यपालपदही संपले.

दुसरे पद १९९६ च्या अखेरचे. मलिक मेराज खालिद यांच्या काळजीवाहू सरकारात ते कायदामंत्री झाले आणि सरकारची मुदत संपण्याआधीच राजीनामा देऊन बाहेर पडले.

६. सलीम मलिकला निर्दोष ठरवणारे न्यायमूर्ती इब्राहिम आणि हे, एकच का?

एकच. क्रिकेट पाहणाऱ्यांना त्यांचे नाव दोन प्रकरणांमुळे आठवते.

पहिले १९९५ चे. १९९४ च्या कराची कसोटीत, जी पाकिस्तानने अखेरच्या जोडीच्या ५७ धावांच्या भागीदारीवर एका गड्याने जिंकली, आणि त्या दौऱ्यात इतरत्रही पाकिस्तानचा कर्णधार सलीम मलिक याने वाईट खेळण्यासाठी पैसे देऊ केल्याचा आरोप शेन वॉर्न, टिम मे आणि मार्क वॉ यांनी केला होता. चौकशी इब्राहिम यांच्याकडे आली. ऑस्ट्रेलियन खेळाडूंनी प्रतिज्ञापत्रे पाठवली, पण पाकिस्तानात येऊन साक्ष द्यायला ते तयार झाले नाहीत. ज्या साक्षीदाराची उलटतपासणी होऊ शकत नाही, त्याच्या कागदावर विसंबून एखाद्याला दोषी धरायचे नाही, ही वकिलीतली जुनी शिस्त. तिला धरून त्यांनी आरोप फेटाळले. पुढे न्या. मलिक मोहम्मद कय्यूम यांच्या चौकशीत साक्षी झाल्या, आणि २००० मध्ये सलीम मलिकवर आजन्म बंदी आली.

दुसरे डिसेंबर २००६ चे. वेगवान गोलंदाज शोएब अख्तर आणि मोहम्मद आसिफ नँड्रोलोन या बंदी असलेल्या उत्तेजकाच्या चाचणीत सापडले होते. त्यांना अनुक्रमे दोन वर्षांची आणि एका वर्षाची बंदी झाली होती. इब्राहिम यांच्या अध्यक्षतेखालील अपील समितीने दोन विरुद्ध एक मतांनी ती उठवली. त्यावर जगभरातून टीका झाली.

या दोन्ही निकालांवरून त्यांना मवाळ म्हणणारे आहेत. मला त्यात पुराव्याबाबतची काटेकोर सवय दिसते. संशयाचा फायदा आरोपीला देणे हे न्यायाधीशाला शोभते. निवडणुकीत मात्र हजारो तक्रारींवर त्याच दिवशी निर्णय घ्यावा लागतो, आणि तेथे ही सवय किती पुरते हा वेगळा प्रश्न आहे. तो प्रश्न १२ मध्ये पुन्हा येईल.

७. ते मुख्य निवडणूक आयुक्त कसे झाले? कोणी नेमले?

एप्रिल २०१० च्या अठराव्या घटनादुरुस्तीआधी हा आयुक्त राष्ट्रपती आपल्या मर्जीने नेमत आणि मुदत तीन वर्षांची असे. दुरुस्तीनंतर पंतप्रधान आणि विरोधी पक्षनेता यांनी विचारविनिमय करून तीन नावे संसदीय समितीकडे पाठवायची, असे ठरले. बारा सदस्यांच्या या समितीत निम्मे सत्ताधारी आणि निम्मे विरोधक असतात. तिने त्यातून एक नाव निश्चित करायचे. मुदत पाच वर्षांची झाली.

न्या. हमीद अली मिर्झा मार्च २०१२ मध्ये आयुक्तपदावरून निवृत्त झाले, तेव्हा ही नवी पद्धत पहिल्यांदाच कसाला लागली. पंतप्रधान राजा परवेझ अश्रफ पीपल्स पार्टीचे, विरोधी पक्षनेते चौधरी निसार अली खान मुस्लिम लीगच्या नवाझ गटाचे. एकमेकांवर काडीचाही विश्वास नसलेल्या या दोन्ही बाजूंना इब्राहिम हे नाव चालले. संसदेबाहेर असलेल्या इम्रान खान यांच्या पक्षानेही त्याचे स्वागत केले. २३ जुलै २०१२ रोजी, वयाच्या ८४ व्या वर्षी, त्यांनी शपथ घेतली.

८. निवृत्त न्यायाधीशाने सरकारी पद घेऊ नये, असा नियम नाही का?

आहे, पण त्याला अपवादही आहे. पाकिस्तानच्या घटनेतील अनुच्छेद २०७ नुसार सर्वोच्च किंवा उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तीला पद सोडल्यापासून दोन वर्षे लाभाचे सरकारी पद घेता येत नाही. मात्र न्यायिक वा अर्धन्यायिक पदे आणि मुख्य निवडणूक आयुक्ताचे पद यांना त्याच अनुच्छेदात वगळले आहे. इब्राहिम यांच्या बाबतीत हा प्रश्न उद्भवलाच नाही, कारण मध्ये तीन दशके गेली होती. उलट अनुच्छेद २१६ सांगतो की आयुक्तपद सोडल्यानंतरही दोन वर्षे दुसरे लाभाचे पद घेता येत नाही.

९. मुख्य आयुक्त म्हणजे सगळे अधिकार त्यांच्याच हाती असतील ना?

नाही, आणि हा गैरसमज दूर झाल्याशिवाय पुढचे काहीच नीट कळणार नाही. आयोग पाच जणांचा : एक मुख्य आयुक्त आणि चार प्रांतांतून आलेले चार सदस्य. हे चौघेही तेव्हा उच्च न्यायालयाचे माजी न्यायमूर्ती होते आणि इब्राहिम यांच्याआधीच नेमले गेले होते. निर्णय बहुमताने होत. मुख्य आयुक्ताचे मत एकच. ज्याच्या नावावर सर्व पक्षांचे एकमत झाले, त्याला आपले सहकारी निवडण्याचा अधिकार नव्हता.

दुसरी अडचण अधिक खोल होती. पाकिस्तानात तेव्हा निवडणूक निर्णय अधिकारी म्हणून जिल्हा न्यायालयांतील न्यायाधीश घेतले जात. न्यायपालिकेने २००९ च्या धोरणात आपले अधिकारी निवडणुकीला देणे थांबवले होते. २०१३ साठी सरन्यायाधीश इफ्तिखार चौधरी यांनी अपवाद केला आणि या अधिकाऱ्यांपुढे स्वतः भाषणेही केली. उमेदवारी अर्जांची छाननी करणारे, निकाल एकत्र करून जाहीर करणारे हे अधिकारी काही आठवड्यांपुरते आयोगाचे काम करत होते. त्यांची बढती, बदली आणि शिस्त मात्र उच्च न्यायालयांच्या हाती होती. चूक केली तर आयोग त्यांचे काय करू शकत होता? फार थोडे.

१०. त्यांच्या काळात मतदारांसाठी प्रत्यक्ष काय बदलले?

छायाचित्र असलेली संगणकीय मतदार यादी. जुन्या यादीत सुमारे ८.१ कोटी नावे होती आणि त्यातील ३.७ कोटींच्या आसपास नोंदींची पडताळणी होऊ शकत नव्हती. राष्ट्रीय ओळखपत्राच्या नोंदींशी ताडून नवी यादी करण्याचे काम इब्राहिम यांच्याआधी सुरू झाले होते, त्यामुळे त्याचे सारे श्रेय त्यांना देणे योग्य नाही. अंतिम यादी त्यांनी पदभार घेतल्यावर काही दिवसांत, जुलै २०१२ च्या अखेरीस प्रसिद्ध झाली.

मतदाराला जाणवलेला बदल मात्र साध्या मोबाइलवरचा होता. आपला ओळखपत्र क्रमांक ८३०० या क्रमांकावर संदेशाने पाठवायचा, की आपले नाव कोणत्या विभागात आहे ते उलट संदेशात येई. यादी हातात असलेल्या पक्ष-कार्यकर्त्याकडून चिठ्ठी घेण्याची गरज त्यामुळे उरली नाही.

केंद्रावर हिरवी मतपत्रिका राष्ट्रीय सभेसाठी (संसदेच्या कनिष्ठ सभागृहासाठी) आणि पांढरी प्रांतिक सभेसाठी असे. मतपत्रिका फाडून देण्यापूर्वी तिच्या स्थळप्रतीवर मतदाराचा ओळखपत्र क्रमांक लिहिला जाई आणि त्याच्या अंगठ्याचा ठसा घेतला जाई. हे ठसे पुढे यंत्राने ताडता यावेत म्हणून विशेष शाई वापरायची होती. ही स्थळप्रत नंतर साऱ्या वादाचा केंद्रबिंदू ठरली (प्रश्न १३ पाहा).

११. काळजीवाहू पंतप्रधानही आयोगानेच निवडला, हे खरे आहे का?

खरे आहे. मार्च २०१३ मध्ये राष्ट्रीय सभेने पाच वर्षांची मुदत पूर्ण केली. त्यानंतर काळजीवाहू पंतप्रधान कोण यावर ना पंतप्रधान आणि विरोधी पक्षनेत्याचे एकमत झाले, ना संसदीय समितीचे. अशा वेळी निर्णय निवडणूक आयोगाकडे जाईल, अशी तरतूद घटनेत होती. आयोगापुढे चार नावे आली आणि २४ मार्च २०१३ रोजी मीर हजार खान खोसो यांची निवड जाहीर झाली. खोसो स्वतः निवृत्त न्यायमूर्ती, बलुचिस्तान उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायमूर्ती. त्या वसंतात पाकिस्तानची सूत्रे सर्व बाजूंनी न्यायाधीशांकडे होती, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

१२. उमेदवारांना धर्मावरचे प्रश्न विचारून अर्ज बाद केले गेले. ते इब्राहिम यांनी केले का?

त्यांनी केले नाही, पण ते त्यांच्या आयोगाच्या कारकिर्दीत घडले आणि ते वेळीच थांबले नाही. अनुच्छेद ६२ आणि ६३ मध्ये उमेदवाराच्या चारित्र्याविषयी मोघम शब्दांत अटी आहेत. एप्रिल २०१३ मध्ये काही निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांनी त्याचा आधार घेऊन उमेदवारांना कुराणातील आयती म्हणायला लावल्या आणि खासगी आयुष्याविषयी प्रश्न विचारले. पत्रकार आणि माजी खासदार अयाझ अमीर यांचा अर्ज त्यांच्या वृत्तपत्रीय लेखनाकडे बोट दाखवून बाद झाला आणि अपिलात पुन्हा मंजूर झाला.

हे अधिकारी न्यायाधीश होते आणि आयोगाचे पाचही जण माजी न्यायमूर्ती. एका न्यायाधीशाच्या आदेशाविरुद्ध अपील करावे, वरून सूचना देऊ नये, ही शिकवण त्यांच्या अंगात मुरलेली होती. न्यायालयात ती योग्यच आहे. परंतु छाननी हा खटला नसतो. ते प्रशासकीय काम असते, आणि प्रशासकाने पहिल्याच दिवशी स्पष्ट, सर्वांना बंधनकारक अशी सूचना काढायला हवी होती. इब्राहिम यांच्याविषयी मनात पूर्ण आदर ठेवूनही हा दोष मला लहान वाटत नाही.

१३. २०१३ ची निवडणूक शेवटी स्वच्छ झाली की नाही?

मतदान ११ मे २०१३ रोजी झाले. सुमारे ८.६ कोटी नोंदलेले मतदार, जवळपास ७०,००० मतदान केंद्रे आणि सुमारे ५५ टक्के मतदान. तालिबानच्या धमक्या आणि बॉम्बस्फोट यांच्या छायेत लोक रांगा लावून उभे राहिले. मुदत पूर्ण केलेल्या एका निर्वाचित सरकारकडून दुसऱ्या निर्वाचित सरकारकडे सत्ता गेली, हे पाकिस्तानात पहिल्यांदाच घडले.

त्रुटीही ठळक होत्या. इब्राहिम यांच्या स्वतःच्या कराचीत अनेक ठिकाणी साहित्य उशिरा पोहोचले आणि एन.ए.-२५० या मतदारसंघातील ४३ केंद्रांवर १९ मे रोजी फेरमतदान घ्यावे लागले. इम्रान खान यांनी आधी चार मतदारसंघांतील मते तपासण्याची मागणी केली आणि ती रेंगाळल्यावर ऑगस्ट २०१४ मध्ये इस्लामाबादेत धरणे धरले. ठसे ताडायला गेल्यावर असंख्य स्थळप्रतींवरील ठसे वाचण्याजोगेच नव्हते. वाचता न येणारा ठसा म्हणजे खोटे मत नव्हे, पण ते खरे असल्याचा पुरावाही त्यातून मिळत नाही.

२०१५ मध्ये सरन्यायाधीश नासिर-उल-मुल्क यांच्या त्रिसदस्यीय चौकशी आयोगाने निष्कर्ष काढला की निवडणूक बव्हंशी कायद्यानुसार आणि निष्पक्षपणे झाली, नियोजनबद्ध गैरप्रकार सिद्ध झाला नाही. मात्र निवडणूक आयोगाच्या कामातील उणिवा, विशेषतः मतपत्रिकांच्या मागणीतील गोंधळ आणि मतपत्रिकांचा हिशेब देणारे हरवलेले नमुने, त्या अहवालात स्पष्ट शब्दांत नोंदवल्या गेल्या. माझे उत्तरही तेच आहे : निकाल चोरीला गेला नाही, पण कागदपत्रे अशी ठेवली गेली की तसे छातीठोकपणे सांगणे कठीण झाले.

१४. इतके एकमत असताना त्यांनी पाचपैकी चार वर्षे शिल्लक ठेवून राजीनामा का दिला?

तात्कालिक कारण राष्ट्रपतिपदाची निवडणूक. आयोगाने ६ ऑगस्ट २०१३ ही तारीख ठरवली होती. रमझानच्या अखेरच्या दिवसांत संसदेचे अनेक सदस्य उमराहला (मक्केच्या यात्रेला) जाणार किंवा एकांत उपासनेला बसणार, असे सांगून निवडणुकीनंतर सत्तेवर आलेला मुस्लिम लीगचा नवाझ गट सर्वोच्च न्यायालयात गेला आणि न्यायालयाने तारीख ३० जुलैवर आणली. इतर पक्षांचे म्हणणे ऐकलेच नाही, असे सांगून पीपल्स पार्टीने बहिष्कार टाकला. सत्ताधारी पक्षाचे उमेदवार ममनून हुसेन यांनी न्या. वजिहुद्दीन अहमद यांचा पराभव केला. हे वजिहुद्दीनही २००० मध्ये जनरल मुशर्रफ यांच्या आदेशाखालील शपथ नाकारून सर्वोच्च न्यायालयातून बाहेर पडलेले होते. मतदानाच्या दुसऱ्या दिवशी इब्राहिम यांनी राजीनामा दिला.

निवडणुकीची तारीख ठरवणे हे आयोगाचे काम. तेच न्यायालयाने एका पक्षाच्या अर्जावर बदलले, तेव्हा माजी न्यायमूर्ती असलेल्या आयुक्ताला ते किती लागले असेल, हे सांगण्याची गरज नाही. राजीनाम्यात मात्र त्यांनी ही तक्रार पुढे केली नाही. नव्या संसदेला नव्या सहमतीने आयुक्त निवडता यावा आणि त्याला पुढच्या निवडणुकीच्या तयारीला पुरेसा वेळ मिळावा, असे कारण त्यांनी दिले.

१९८१ आणि २०१३ यांची तुलना वाचक हमखास करतात. मला त्यात एक फरक दिसतो. १९८१ मध्ये दूर होण्याने एका बेकायदा गोष्टीची मान्यता काढून घेतली गेली. २०१३ मध्ये दूर होण्याने जी संस्था सावरायची होती तीच निर्नायक झाली. निवडणूक याचिकांचा निकाल चार महिन्यांत लागायला हवा होता, नोंदी जपायला हव्या होत्या, चार मतदारसंघांच्या मागणीला उत्तर द्यायचे होते. नेमक्या त्याच महिन्यांत सर्वांना मान्य असलेला माणूस खुर्चीत नव्हता.

१५. त्यांच्यानंतर कोण आले?

सोळा महिने कायम आयुक्तच नव्हता. सर्वोच्च न्यायालयाचे विद्यमान न्यायमूर्ती एकामागून एक हंगामी काम पाहत राहिले. अखेर डिसेंबर २०१४ मध्ये न्या. सरदार मोहम्मद रझा यांनी शपथ घेतली आणि त्यांनी डिसेंबर २०१९ पर्यंत पूर्ण मुदत भरली. त्यांच्यानंतर जानेवारी २०२० मध्ये सिकंदर सुलतान राजा हे माजी सनदी अधिकारी आयुक्त झाले.

१६. आजच्या नियमांत इब्राहिम पात्र ठरले असते का?

न्यायमूर्ती म्हणून होय, वयामुळे नाही. २०१६ च्या बाविसाव्या घटनादुरुस्तीने न्यायमूर्तींबरोबरच किमान वीस वर्षे सेवा झालेल्या वरिष्ठ सनदी अधिकाऱ्यांना आणि तज्ज्ञांनाही हे पद खुले केले आणि मुख्य आयुक्तासाठी ६८ वर्षांची कमाल वयोमर्यादा घातली. ८४ व्या वर्षी झालेली नेमणूक त्यात बसत नाही.

१७. भारतात न्यायाधीश मुख्य निवडणूक आयुक्त का होत नाहीत?

अनुच्छेद ३२४ मध्ये पात्रतेची अट नव्हती. पहिले आयुक्त सुकुमार सेन सनदी सेवेतले होते आणि ती प्रथा चालत राहिली. २०२३ च्या कायद्याने तर केंद्राच्या सचिवपदाच्या समकक्ष पदावर असलेली वा राहिलेली व्यक्तीच नेमता येईल, असे ठरवले. आपल्याकडे न्यायाधीशांना निवडणुकीशी जोडणारे मोठे काम म्हणजे मतदारसंघ पुनर्रचना. २०२० च्या पुनर्रचना आयोगाच्या अध्यक्ष मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या न्या. रंजना प्रकाश देसाई होत्या. कोणती पद्धत चांगली, या प्रश्नाचे एका वाक्यात उत्तर देण्याचे मी टाळतो. निर्भय माणूस आणि यंत्रणा हाताळता येणारा माणूस यांपैकी दोन्ही गुण असलेला सापडेपर्यंत कोणतीही पद्धत अपुरीच राहणार.

१८. विद्यमान न्यायमूर्ती आजही हंगामी आयुक्त होऊ शकतो का?

नाही. पूर्वी अनुच्छेद २१७ नुसार पद रिकामे असताना सरन्यायाधीशांनी सुचवलेला सर्वोच्च न्यायालयाचा न्यायमूर्ती काम पाहत असे. प्रश्न १५ मधील सोळा महिने तसेच गेले. बाविसाव्या दुरुस्तीनंतर ही जबाबदारी आयोगाच्या वयाने सर्वांत ज्येष्ठ सदस्याकडे जाते. सरदार रझा निवृत्त झाल्यावर पंजाबचे सदस्य न्या. अल्ताफ इब्राहिम कुरेशी यांनी काही आठवडे ती सांभाळली. नावातील ‘इब्राहिम’मुळे काही वाचक त्यांना फखरुद्दीन इब्राहिम यांचे नातेवाईक समजतात, पण या दोघांचा तसा काही संबंध नाही. याच काही आठवड्यांत, नवा आयुक्त येण्यापूर्वी, कराचीत फखरुभाईंचे निधन झाले.